मुदतीचा मुक्काम

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)





मरोळच्या शाळेत शिकवणाऱ्या माणसाला मधूनमधून थांबावे लागते. सहारचे विमान डोक्यावरून जाते, शिक्षकाचा आवाज बुडतो आणि तेवढ्या वेळात निम्मी मुले खिडकीकडे पाहतात. हे केवळ पोरवयाचे वेड नव्हे. कुणाचे वडील दम्मामला आहेत, कुणाचा मामा शारजाला. त्या विमानांवर आपली घरे चालली, बहिणींची लग्ने झाली आणि खरे सांगायचे तर आपल्यासारख्या अनेक शाळांच्या भिंतीही उभ्या राहिल्या. तेव्हा आखाताची निंदा करण्यासाठी मी उभा नाही. मला दिलेला विषय 'परदेशी नोकरी आणि आपली मुले' असा आहे. त्यातला एकच धागा मी घेणार आहे. परदेशात राहण्याची परवानगी किती दिवसांची असते, ती कोणाच्या हाती असते आणि ती सुटली म्हणजे काय होते.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. रत्नागिरी आणि तेव्हाचा कुलाबा या जिल्ह्यांतली आपली कोकणी माणसे गेल्या शतकाच्या आरंभी दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला गेली. १९०६ च्या तिथल्या कायद्याने अशी रीत पडली की, गावी यायचे तर परमिट काढायचे. त्यावर फोटो आणि अंगठ्याचा ठसा असे. ठरलेल्या मुदतीत परत गेला तर ठीक. आई आजारी पडली, पावसाळा आड आला, बोट चुकली आणि मुदत उलटली, तर तिथे वर्षानुवर्षे केलेल्या मेहनतीवर पाणी. माणसाच्या दोन पायांखाली दोन देश होते आणि मधला पूल म्हणजे तो कागद.

आज त्या कागदाचे नाव इकामा. आपल्यापैकी बहुतेकांना तो ठाऊक आहे, पण विद्यार्थ्यांसाठी सांगतो. इकामा नोकरीला टाचलेला असतो आणि नोकरी कफिलाला. नोकरी गेली की थोड्या दिवसांत दुसरी व्यवस्था करा, नाहीतर सामान बांधा. बायकोचा आणि मुलांचा इकामा घरच्या कर्त्याच्या इकाम्याला टाचलेला. तिथे जन्मलेले मूलसुद्धा त्या जन्माने तिथले नागरिक होत नाही. गेल्या काही वर्षांत मालक बदलण्याचे नियम काही देशांत सैल झाले आहेत, हे मान्य. पण मुक्काम मुदतीचा तो मुदतीचाच राहिला.

माझे वडील कुवेतला होते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकचे सैन्य कुवेतमध्ये शिरले तेव्हा मी वर्षाचा होतो आणि आईबरोबर इथेच होतो. कुवेतमध्ये त्या वेळी पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. त्यांतले बहुतेक इराकमार्गे बसने जॉर्डनमध्ये पोचले, तिथल्या वाळवंटातल्या छावण्यांत राहिले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला आले. ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या झाल्या. अब्बा सहारला उतरले तेव्हा त्यांच्या खिशात कुवेती दिनार होते आणि ते त्या दिवसांत कुणी घेईना. रिक्षाचे पैसे नव्हते म्हणून ते मरोळपर्यंत चालत आले. आई सांगते, दारात उभ्या माणसाला तिने आधी ओळखले नाही.

अब्बांनी एक शहाणपणा केला होता. पासपोर्टावरचा इकाम्याचा शिक्का, कंपनीचे पत्र आणि पगाराच्या चिठ्ठ्या त्यांनी बनियनच्या आत बांधून आणल्या होत्या. १९९१ साली संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाईचा आयोग नेमला आणि आपल्या सरकारमार्फत दावे गेले. काही वर्षांनी डॉलरांत रक्कम आली, तिच्यातून आमची खोली पक्की झाली. त्यांच्याच बसमधल्या एका गृहस्थांनी कागद तिथेच कपाटात ठेवले होते. त्यांना शाबीत करता करता नाकी नऊ आले.

त्याच वर्षी शेजारच्या सौदी अरबस्तानात जे घडले ते आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. येमेनी लोकांना तिथे कफिलाची गरज नव्हती, ही त्यांना खास सवलत होती. पिढ्यान् पिढ्या त्यांची दुकाने होती. भाषा एक, धर्म एक. येमेनने इराकविरुद्ध ठाम भूमिका घेतली नाही म्हणून सप्टेंबर १९९० मध्ये ती सवलत काढून घेतली गेली आणि सात-आठ लाख माणसे परतली. आपण एकाच कलम्याचे आहोत तेव्हा आपल्याला कोण घालवणार, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. सवलत देणारा हात ती काढूनही घेतो, आणि तेव्हा तुमची चूक असावी लागतेच असे नाही.

हे फक्त मजुरांचे दुखणे आहे असेही नाही. अमेरिकेत गेलेल्या आपल्या पुण्या-ठाण्याच्या संगणक अभियंत्यांना नोकरी सुटल्यावर साधारण साठ दिवस मिळतात. त्याच अमेरिकेने १९९० साली युद्ध किंवा भूकंप झालेल्या देशांच्या लोकांसाठी तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा केला. एल साल्वादोरच्या लोकांना ते २००१ च्या भूकंपांनंतर मिळाले. एका वेळी फार तर दीड वर्षाची मुदत, मग वाढ, पुन्हा वाढ, असे करता करता वीस वर्षे उलटली, घरे झाली, मुले झाली. २०१८ साली ते बंद करण्याचा निर्णय निघाला, कोर्टात अडकला, २०२३ मध्ये मागे घेतला गेला. पुढच्या तारखेपलीकडे त्या आईबापांनी काय योजावे?

असो. आपल्या वर्गाकडे येतो.

जुलै २०१७ पासून सौदीत कुटुंबीयांवर माणशी महिना १०० रियाल आकार बसला, आणि दरवर्षी शंभराने वाढत २०२० मध्ये तो ४०० झाला. बायको आणि तीन मुले असतील तर हिशेब महिना ४०० वरून १६०० वर गेला. साहजिकच बायकामुले परत आली. माझ्या आठवीत जेद्दाहून आलेली एक मुलगी होती. विज्ञानात हुशार. गाव कोणते, असे विचारले तर ती जेद्दा म्हणे. मराठीचा तास आला की तिचे डोळे भरत. पण तिला आपल्या इकाम्याची शेवटची तारीख तोंडपाठ होती. तेरा वर्षांच्या पोरीला! दोन वर्षे मी तिला शाळा सुटल्यावर बाराखडीपासून शिकवले, आणि दहावीला ती मराठीत उत्तीर्ण झाली. पण अशी किती मुले मधल्या मध्ये गळली असतील.

दुसरी हकीकत माझ्या चुकीची आहे. दहावीच्या वर्षात एका मुलाने शाळा सोडली. चुलता दुबईला बोलावतो, असे घरचे म्हणाले आणि शाळा सोडल्याचा दाखला मी स्वतः लिहिला. एक शब्द बोललो नाही. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर स्थलांतर तपासणीची नोंद येते. १९८३ च्या कायद्याप्रमाणे अशा माणसाला आखातात नोकरीला जाताना परवानगी काढावी लागते. ती असते त्याच्याच रक्षणासाठी. करार तपासला जातो, विमा उतरतो. पण दलालाला घाई असते. अठरा पूर्ण होताच पोरगा भेटीच्या व्हिसावर गेला. म्हणजे परवानगी नाही, करार नाही, विमा नाही. महिन्या-दोन महिन्यांत व्हिसा संपला. पुढे दोन वर्षे तो गोदामात लपतछपत राबला. १ सप्टेंबर २०२४ पासून अमिरातीने माफीची मुदत दिली, तिच्यात तो दंड न भरता परतला.

या माफीविषयी दोन शब्द. सौदीने २०१३ आणि २०१७ साली दिली, कुवेतने २०१८ आणि २०२४ साली दिली. म्हणून आपल्याकडे काहीजण म्हणतात, राहू द्या, पुढची माफी येईलच. माफी म्हणजे अमुक तारखेच्या आत कागद दुरुस्त करा किंवा घरी जा. दोन माफ्यांच्या मधल्या काळात आजारी पडलेल्या किंवा पगार बुडालेल्या माणसाला दवाखान्यात आणि पोलिसात जायचीही भीती वाटते, त्याचे काय?

माझी विनंती एवढीच की, मुलाला पाठवायचेच असेल तर दहावीची गुणपत्रिका हाती आल्यावर पाठवा. जमल्यास आय.टी.आय. करून पाठवा. कुटुंब तिकडे असेल तर मुलांची मराठी सोडू नका आणि परतताना शाळेचा दाखला रीतसर साक्षांकित करून आणा. इकामा, करार, पगाराची नोंद यांच्या प्रती इथे घरी असू द्या.

तो मुलगा आज सभागृहात मागे खुर्च्या लावत होता. त्याने यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. बीजगणित कच्चे आहे. ज्यांच्या घरी असा अर्धवट राहिलेला मुलगा असेल त्यांनी त्याला शनिवारी दुपारी माझ्याकडे पाठवावे, मी तीन ते पाच शाळेत असतो. येताना जुना दाखला आणावा.