समुद्राची सुट्टी तिथीने

(मंडळाच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बरीच घरे मूळची खानदेशातली. तापी आपल्याला ओळखीची होती, समुद्र मात्र सुरतेने दाखवला. दाखवला म्हणजे काय, तर डुमसची काळी वाळू आणि टोमॅटोची भजी! मीही अनेक वर्षे तेवढ्यावरच समाधानी होतो.

मग एकदा मुलांना घेऊन जामनगरच्या पुढे नराऱ्याला गेलो. कच्छच्या आखातातले सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ साली झाले, देशातले पहिले. नराऱ्याला ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या समुद्रतळावर पायी चालत जाता येते. होडी लागत नाही, पोहता यावे लागत नाही. आमची सुट्टी दुसऱ्या नाहीतर चौथ्या शनिवारची. ती बघून तिकिटे काढली. रात्रभर प्रवास करून पोहोचलो, तर गाइड म्हणाला, "साहेब, आजे आठम छे. पाणी बहु पाछुं नहीं जाय." काठावर उभे राहून पाणी पाहिले आणि परत आलो. सौभाग्यवती काय म्हणाल्या ते इथे सांगत नाही.

घरी कालनिर्णय भिंतीवर होते, पण समुद्रासाठी ते बघायचे हे सुचलेच नाही. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, म्हणून उधाण येते. भरती मोठी, तशी ओहोटीही खोल. अष्टमीला ती ओढ आडवी पडते, दोन्ही लहान होतात; कोकणात त्याला भांग म्हणतात. मुंबईकडचे कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन वाजता, चतुर्दशीला साडेदहाला. आपल्या खंभातच्या आखातात मात्र वेळा वेगळ्या पडतात, तो हिशेब इथे लावू नका.

दुसऱ्या खेपेला पौर्णिमेनंतरच्या तृतीयेला गेलो. सकाळी पाणी लांबवर ओसरले होते. गुडघाभर डबक्यांत प्रवाळ, खेकडे, दगडाखाली दडलेला ऑक्टोपस, डिवचला की चेंडूसारखा फुगणारा मासा. थोरली तर घरी यायलाच तयार नव्हती. धाकट्याने प्रवाळाचा एक पांढरा वाळका तुकडा उचलला. गाइडने तो शांतपणे त्याच्या खिशातून काढायला लावला आणि होता तिथे ठेवायला सांगितले. मेलेल्या प्रवाळाच्या भोकांतही लहान जीव राहतात, आणि वन्यजीव कायद्याने प्रवाळ नेणे गुन्हाच आहे. पोराचे डोळे भरून आले. खरे सांगतो, "ठेव खिशात, शोकेसमध्ये लावू" असे म्हणणारा मीच होतो. गाइडसमोर ते कबूल करायचे धैर्य झाले नाही. आज तुमच्यासमोर करतो.

ज्यांचे नातेवाईक ठाणे-नवी मुंबईला आहेत त्यांनी ऐरोलीचे सागरी जैवविविधता केंद्र जरूर बघावे. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत दिसतात, आणि तिथली होडीसुद्धा भरती-ओहोटी बघूनच सुटते.

पण इतक्या लांब कशाला? डॉ. हेडगेवार पुलापासून भीमराड-बमरोली पुलापर्यंत, खाडीकाठी, महापालिकेने ८७ हेक्टरांहून मोठ्या जैवविविधता उद्यानाचे काम हाती घेतले. ही खाडी शेवटी समुद्राला मिळते. पावसाळ्यात मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की खाडीचे पाणी पुढे सरकत नाही, आणि खाडीपूर आपल्या दारात येतो. घरातल्या गाद्या माळ्यावर चढवलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. आणि याच खाडीत निर्माल्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या टाकणारे कोण, तेही आपल्याला ठाऊक आहे. महापालिका विसर्जनासाठी कृत्रिम तलाव करते. निर्माल्यही तिकडेच न्यावे एवढी विनंती.

त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या तृतीयेला नराऱ्याला जायचा विचार आहे. वार कोणताही असो, रजा टाकावी लागेल. नावे माझ्याकडे द्यावीत. भिजले तरी चालतील असे जुने बूट आणावेत, चपला चिखलात राहतात. धाकटा यंदाही येणार आहे. त्याने माझे खिसे तपासायचे ठरवले आहे.

गणपती बाप्पा मोरया!