कोठीची किल्ली

तिबेटमधल्या तारानाथांचं नाव तुम्हाला माहीत असेल. भारतातल्या बौद्ध धर्माचा त्यांनी 1608 साली लिहिलेला इतिहास आपले अभ्यासक आजही उघडतात. त्यांच्या मठाचं पुढे काय झालं, ते मात्र फार कुणी सांगत नाही. मला आज तेवढंच सांगायचंय.

तारानाथ जोनांग परंपरेचे. ते 1634 साली गेले. 1642 मध्ये गुश्री खानाच्या फौजेनं जोनांगचा आश्रयदाता असलेल्या त्सांगच्या राजाला हरवलं आणि सत्ता पाचव्या दलाई लामांकडे, म्हणजे गेलुग पंथाकडे आली. काही वर्षांतच तारानाथांचा मठ गेलुग झाला, त्याचं नाव बदललं आणि ग्रंथ छापायचे लाकडी ठसे मोहोरबंद झाले. शून्यतेचा जोनांग अर्थ गेलुग आचार्यांना मान्य नव्हता, हे खरंच. पण हरलेल्या राजाचे गुरू, हा हिशेबही त्यात होता.

लक्षात घ्या, ठसे कोंडले. जुन्या घरात सासूबाई कोठीची किल्ली कमरेला लावून फिरायच्या. धान्य घरच्यांनीच पिकवलेलं, पण पायलीभर काढायचं तर त्यांना विचारायचं. बाहेरच्याला घर भरलेलं दिसायचं, आणि सुना-नातवंडं अर्धपोटी. मठांतही तसंच झालं. जोनांग मताचं खंडन वाचायला मिळायचं, मूळ ग्रंथ कोठीत. कोंडलेल्या धान्याला सोंडे लागतात, तशी कोंडलेल्या मताला अफवा लागते.

पुन्हा सांगते, कारण हेच निसटतं. गेलुग मठांच्या अंगणात भिक्षू टाळी वाजवून प्रश्न टाकतात, समोरचा निरुत्तर होईपर्यंत सोडत नाहीत. एवढी वादविद्या जवळ असताना कुलूप कशाला? जोनांग भिक्षूंना त्याच अंगणात बोलवायचं होतं! संघाची आणि राज्याची किल्ली एकाच कमरेला आली, की वाद घालायचे कष्ट कोण घेतो?

साक्य परंपरेतल्या शाक्य चोकदेन यांचे ग्रंथही असेच दडपले गेले. ते वाचले भूतानमध्ये. शेजारच्या घरी ठेवलेलं पोतं म्हणा. 1975 साली थिंपूत त्यांचे 24 खंड छापले गेले. तारानाथांचे काही ठसे एकोणिसाव्या शतकात शालू मठाच्या लोसेल तेनक्योंग यांच्या खटपटीनं उघडले, आणि अम्दोमधल्या झामथांगला तर जोनांग परंपरा आजही नांदतेय. तिथले भिक्षू काय शिकतात, ते सांगायचं होतं, पण समोरचं घड्याळ थांबत नाही.