गच्चीवरची नळी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरबांधणीच्या अर्थकारणावर मी बोलावे, अशी संयोजकांची अपेक्षा आहे. जमिनीचे भाव, चटईक्षेत्र, भाडेनियंत्रण या विषयांवर मी पूर्वी पुष्कळ बोललो आहे आणि आपण ते सोसलेही आहे. आज मी केवळ एका पोकळ नळीवर बोलणार आहे. इमारतीच्या मागच्या बाजूने ती वर चढते आणि गच्चीच्या वर उघड्या तोंडाने उभी राहते. तिच्यातून पाणी येत नाही, वीज येत नाही. त्यामुळे ती कशासाठी आहे, हे त्या इमारतीत राहणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नसते. तिला व्हेंट पाइप म्हणतात.

तिचे काम समजण्यासाठी आधी आपल्या मोरीकडे वळावे लागेल. मोरीच्या जाळीखाली, बेसिनखाली, संडासच्या भांड्याखाली असा एक बाक असतो की त्यात सुमारे दोन इंच पाणी नेहमी साचून राहते. यालाच ट्रॅप म्हणतात. अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली लंडनमध्ये अशा वळणाच्या शौचकूपाचे पेटंट घेतले. गटार आणि घर यांच्यामध्ये खरी भिंत असते ती एवढीच, दोन इंच पाण्याची. वातावरणाचा दाब दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. त्याच्या दोनशेव्या हिश्श्याएवढा जरी फरक नळात पडला, तरी ही भिंत कोसळते.

हा फरक रोज पडतो. चौथ्या मजल्यावर कोणी संडासची टाकी ओढली की पाण्याचा लोंढा उभ्या नळातून खाली येताना आपल्याबरोबर हवा ओढून नेतो. वाटेतल्या मजल्यांच्या ट्रॅपमधले पाणी त्यामुळे शोषले जाते. तोच लोंढा तळाशी वळणावर आदळला की पुढची हवा कोंडते आणि तळमजल्याच्या मोरीतून गुडगुडत वर येते. उभा नळ वर मोकळ्या हवेत उघडा असेल आणि त्याला जोडलेली हवेची नळी नीट असेल, तर दाब समतोल राहतो, पाणी जागच्या जागी राहते आणि गटारातला वायू गच्चीवरून आकाशात जातो. या नळीचे कार्य एवढेच.

आता माझ्या विषयाकडे येतो. टाकी ओढणारा चौथ्या मजल्यावर, दुर्गंधी सोसणारा तळमजल्यावर आणि नळी गाळून पैसे वाचवणारा बांधकाम व्यावसायिक तिसऱ्याच गावी! एकाच्या कृतीची किंमत दुसऱ्याने मोजावी आणि ती कोणत्याही हिशेबात लिहिली जाऊ नये, या प्रकाराला आमच्या शास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२०च्या आपल्या ग्रंथात शहरातल्या धुराचे उदाहरण घेतले आहे. मी वर्गात अनेक वर्षे तेच सांगत आलो. माझ्याच इमारतीत त्याहून चांगले उदाहरण होते, ते मला निवृत्तीनंतर दिसले.

तळमजल्यावर एक वृद्ध बाई एकट्या राहत. सकाळी सहा ते आठ त्यांची मोरी गुरगुरत असे आणि घरभर कुजलेल्या अंड्यांचा वास पसरे. सोसायटीच्या बैठकीत त्यांनी तीन वर्षे तक्रार केली. उत्तर ठरलेले असे : फिनेल टाका. वरच्या मजल्यावरच्या सभासदांचे म्हणणे, आम्हाला वास येत नाही, मग आम्ही वर्गणी का द्यावी? मीही त्या वरच्यांपैकीच एक होतो आणि गप्प बसलो होतो, हे येथे सांगितले पाहिजे. शेवटी बाईंनीच स्वखर्चाने एक म्हातारे प्लंबर आणले. त्यांनी मोरीकडे पाहिलेही नाही, थेट गच्चीवर गेले. गच्चीची गळती बंद करण्याचे काम झाले तेव्हा ती नळी गच्चीबरोबर कापून तिच्या तोंडात सिमेंट भरले होते. गच्ची स्वच्छ दिसावी म्हणून! त्यांनी ते फोडले, नवा तुकडा जोडला, तोंडाला जाळी बांधली. या सगळ्याला जो खर्च आला तो आमच्या वार्षिक सभेच्या चहाफराळापेक्षा कमी होता.

या नळीचा इतिहासही मासलेवाईक आहे. एकोणिसाव्या शतकात रोग दुर्गंधीतून पसरतो, असा डॉक्टरांचाही समज होता. १८५८च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या घाणीने ब्रिटिश पार्लमेंटच्या नाकाला झोंबल्यावर लंडनच्या भव्य गटारयोजनेला पैसे मंजूर झाले. १८७१ मध्ये युवराज एडवर्ड एका सरदाराच्या प्रासादात मुक्काम करून आला आणि विषमज्वराने मरणाच्या दारी गेला. त्याच मुक्कामातला एक अर्ल आणि युवराजाचा मोतद्दार मात्र दगावले. दोष त्या घराच्या गटारांवर आला आणि घरातील नळांना मोकळी हवा देण्याची इंग्लंडभर एकच घाई उडाली. विषमज्वर वायूने नव्हे, दूषित पाण्याने व अन्नाने होतो, हे पुढे सिद्ध झाले. म्हणजे तर्क चुकला, पण नळी बरोबर निघाली. आपल्याकडे तसे भाग्य लाभले नाही. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग आला, तेव्हा सरकारी यंत्रणेने गटारांना दोषी धरून त्यांत समुद्राचे पाणी आणि कार्बॉलिक ओतले. रोग उंदरांवरच्या पिसवांतून येत होता.

मग आज या नळीची भीड का धरावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीने २००३ साली दिले. तेहतीस मजली इमारतींच्या त्या वसाहतीत मार्चमध्ये सार्सचा एक रुग्ण आपल्या नातलगाकडे आला. त्याला जुलाब होत होते. एप्रिलच्या मध्यापर्यंत वसाहतीत ३२१ जणांना लागण झाली. त्यातही ई इमारतीत सर्वांत जास्त. चौकशीत असे आढळले की तेथील रहिवासी न्हाणीघराची जमीन पाण्याने न धुता फडक्याने पुसत, त्यामुळे जमिनीवरच्या जाळीखालचे ट्रॅप कोरडे पडले होते. त्यात न्हाणीघरातला हवा खेचणारा पंखा लावला की नळातले विषाणूयुक्त तुषार घरात येत. येथे रोग नेणारा वायू नव्हता, तुषार होते. परंतु वाट तीच, मोडलेल्या दोन इंचांची. उन्हाळ्यात घर बंद करून गावी जाणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. परत आल्यावर प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतावे, मग खिडक्या उघडाव्यात.

केवळ नाकावर मात्र विसंबू नये. गटारवायूतला हायड्रोजन सल्फाइड अगदी अल्प असला तरी नाकाला कळतो. तो वाढून हवेच्या दहा हजारांत एक भाग झाला की घ्राणशक्तीच बधिर होते. वास गेला, म्हणजे धोका टळला असे वाटते आणि तेव्हाच तो सर्वाधिक असतो. गटारात उतरलेल्या सफाई कामगारांचे मृत्यू होतात ते बहुधा असेच. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. आपल्या घरातून आपण जो वायू बाहेर घालवतो, तोच रस्त्यावरच्या बंद चेंबरमध्ये त्यांची वाट पाहत असतो. गच्चीवरची नळी त्यांना वाचवीत नाही. हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ मध्ये झाले. गटारात मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. भरपाईचा आकडा वाढवावा लागतो, याचा अर्थ माणसे अद्याप उतरवली जात आहेत. यंत्राचे भाडे माणसाच्या रोजापेक्षा महाग पडते, हा हिशेब मांडणाऱ्याच्या खर्चात ते तीस लाख कधीच दिसत नाहीत.

आपल्यापैकी अनेकजण झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत लोकांबरोबर काम करता. ताबा घेण्याच्या दिवशी किल्ल्या, मीटर, लिफ्ट एवढेच पाहिले जाते. त्या दिवशी गच्चीवर जा. प्रत्येक उभ्या नळाचे तोंड वर उघडे आहे का, ते गच्चीच्या खोलीच्या खिडकीजवळ तर नाही ना, त्यावर जाळी आहे का, हे पाहा. मग तीन बायकांना किंवा पुरुषांना वरच्या तीन मजल्यांवर उभे करा आणि एकाच वेळी टाक्या ओढायला सांगा. आपण स्वतः तळमजल्याच्या मोरीपाशी बसा. जाळीखालचे पाणी किंचित हलले तर हरकत नाही. ते उसळले किंवा गुडगुडून आत ओढले गेले, तर ताब्याच्या कागदावर सही करू नका. कंत्राटदार म्हणेल की वापर सुरू झाला की सगळे बसेल. आमच्या तळमजल्यावरच्या बाईंनाही तीन वर्षे हेच सांगितले जात होते.