पदकाची नोंद आणि बाईचा हक्क

(माजी सैनिकांच्या कुटुंबांतील स्त्रियांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



माझा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आता मेडलंसुद्धा आपणच शोधायची का?" प्रश्न बरोबर आहे. मारहाण, पोटगी, रेशनकार्ड, जमिनीच्या उताऱ्यावर नाव लावणं, ही कामं आपल्याला पुरून उरतात. शिवाय आपल्यातल्या अनेकजणी युद्धाच्या विरोधात उभ्या राहिलेल्या आहेत. मग एखाद्या जवानाच्या छातीवर पदक असावं की नसावं, याच्याशी आपला काय संबंध?

तीनचार वर्षांपूर्वी मीही असंच म्हटलं असतं. एका आजींनी माझं मत बदललं. त्यांची गोष्ट आधी सांगते, मग कामाचं बोलू.

आजी सातारा जिल्ह्यातल्या. तिथं घराघरातून माणूस पलटणीत गेलेला असतो. आपशिंगे गावाच्या नावाला तर 'मिलिटरी' हा शब्दच कायमचा जोडला गेला आहे. आजींचे मालक १९६३ साली भरती झाले आणि १९७९ साली पेन्शनवर घरी आले. १९७१ च्या लढाईत ते पूर्वेच्या आघाडीवर होते. ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट. नातवंडांना ती पाठ झाली होती.

२०२१ साली त्या लढाईला पन्नास वर्षं झाली. गावात सत्काराचा कार्यक्रम ठरला आणि यादी करताना कुणीतरी डिस्चार्ज बुकं मागवली. आजोबांच्या पुस्तकात पदकांच्या जागी दोनच नोंदी निघाल्या : सैन्य सेवा पदक आणि १९६५ चं रक्षा पदक. १९७१ चं काहीच नाही. यादीतून नाव गळलं. पारावर कुणीतरी बोलून गेलं, "म्हातारा पन्नास वर्षं थापा मारत होता म्हणायचा!"

आजोबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. बोलणं फारसं उरलं नव्हतं. त्यांच्या वतीने आजी आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "ताई, मेडलाचं मी काय करू? पैसं बी नाय मिळत त्याचं. पर ह्यांनी खोटं सांगितलं न्हाई, येवढं कागदावर येऊ द्या. ते तिकडं हुते तवा मी हितं दोन पोरं आन सासू घिऊन एकली हुते. ते लढाईला गेलेच न्हाईत, तर मग मी कशापायी काढलं ते दिस?"

त्यांचं ते शेवटचं वाक्य मी विसरू शकले नाही. नवऱ्याच्या नोंदीत तिचीही नोंद होती. त्याची वर्षं कागदावर नाहीत, म्हणजे तिचीही नाहीत.

आम्ही कामाला लागलो. पहिली गोष्ट कळली ती ही, की नोंद राहून जाणं ही काही अपूर्वाई नाही. पलटण हलत असते, जवानाची बदली होते, तो इस्पितळात असतो किंवा रजेवर असतो. पदक जाहीर होतं तेव्हा तो सैन्यातून बाहेरही पडलेला असतो. एका कारकुनाच्या हातून एक ओळ राहते आणि पुढे कुणी विचारत नाही. विचारायचं असतं हे घरात कुणाला ठाऊक नसतं. बाईला तर नसतंच, कारण डिस्चार्ज बुक ट्रंकेत आणि ट्रंकेची किल्ली मालकाकडे.

दुसरी गोष्ट, पदकं दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार शौर्याचा. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र, सेना पदक ही त्यातली. त्यांना शिफारस लागते आणि त्यांच्यासोबत मासिक भत्ता येतो. दुसरा प्रकार सेवेचा. तिथं माणूस अमुक तारखेला, अमुक ठिकाणी सेवेत होता एवढंच पाहतात. राहून जातात ती बहुधा ही दुसरी, आणि तीच शोधायला सोपी. भरतीची आणि सुटीची तारीख घ्या आणि जुळवून बघा. १९७१ च्या लढाईसाठी संग्राम पदक आहे. पूर्वेच्या आघाडीसाठी पूर्वी स्टार, पश्चिमेच्या आघाडीसाठी पश्चिमी स्टार आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी जो सेवेत होता, त्याला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक आहे. १५ ऑगस्ट १९९७ ला सेवेत असलेल्याला पन्नासाव्या वर्षाचं. नऊ वर्षांच्या सेवेसाठी आणि वीस वर्षांच्या सेवेसाठी वेगवेगळी पदकं आहेत. आजोबांचा हिशेब आम्ही एका वहीच्या पानावर केला. चार पदकं राहिली होती.

आजी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेल्या. तिथं त्यांना सांगण्यात आलं, "घरातल्या कुणा पुरुषमाणसाला पाठवा." आजी म्हणाल्या, "पुरुषमाणूस खाटंवर हाय. त्याचाच अर्ज हाय ह्यो." तरी तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला आम्ही चौघीजणी सोबत गेलो आणि पोचपावती घेऊनच उठलो.

अर्जासोबत सेवेच्या नोंदींची प्रतही मागितली होती. ती हाती आली तेव्हा पदकं बाजूलाच राहिली. पत्नीच्या नावापुढे जे नाव होतं, ते आजींचं नव्हतं. म्हणजे होतं आणि नव्हतंही. आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतात. भरतीनंतर लगेच लग्न झालं, नोंद झाली ती माहेरच्या नावाने. आधारकार्ड, बँकेचं पासबुक, मतदारयादी सगळीकडे सासरचं नाव. आजोबा गेले असते, तर कुटुंब पेन्शन मागायला आलेली ही बाई कागदाच्या दृष्टीने कुणी तिसरीच ठरली असती. दोन्ही नावं आपलीच आहेत हे सिद्ध करायला ऐंशीच्या घरातल्या बाईने कुठं कुठं जायचं?

पदक शोधायला गेलो आणि हरवलेली बाई सापडली, असं मी त्या दिवशी डायरीत लिहिलं.

आजोबा हयात होते म्हणून बरं. दोघांनी मिळून प्रतिज्ञापत्र केलं, त्यांचा अंगठा आणि त्यांची सही. नावाची दुरुस्ती झाली, पेन्शनच्या आदेशातही झाली. २०२२ च्या पावसाळ्यात आजोबा गेले. कुटुंब पेन्शन विनाअडथळा सुरू झाली. पदकांचं पत्र त्यानंतर चार महिन्यांनी आलं. चारही नोंदी मान्य झाल्या होत्या. पायाला लागलेल्या गोळीबद्दल आम्ही पराक्रम पदकही मागितलं होतं, ते मात्र नाकारलं गेलं. इस्पितळाचा एकही कागद आमच्याकडे नव्हता. सगळंच मिळतं असं मी सांगणार नाही.

आता कामाचे मुद्दे. वहीत लिहून घ्या.

एक. गावात बैठक घ्याल तेव्हा बायकांना डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश, ज्याला पीपीओ म्हणतात, तो घेऊन यायला सांगा. त्यात स्वतःचं नाव, जन्मतारीख, मुलांची नावं आधी तपासा. पदकं नंतर. लग्न आणि मुलांचे जन्म सैन्यात 'पार्ट टू ऑर्डर' काढून नोंदवले जातात. ती ऑर्डर निघाली होती का, हे विचारा.

दोन. अर्ज त्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या अभिलेख कार्यालयाकडे जातो. सैनिक हयात असेल तर त्याच्या सहीने, नसेल तर पत्नीच्या सहीने. सैनिक क्रमांक, हुद्दा, पलटण, तारखा, आणि कोणतं पदक का मिळायला हवं, हे एका पानात लिहा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्या. मूळ कागद कुणालाही देऊ नका. "काम करून देतो" म्हणणाऱ्या मध्यस्थांना तर मुळीच नाही.

तीन. पुरावा घरातच शोधा. आघाडीवरून आलेली पत्रं, मनिऑर्डरीच्या पावत्या, पलटणीतले फोटो, सोबतच्या जवानांची प्रतिज्ञापत्रं. ही पत्रं बहुतेक वेळा बाईनेच जपलेली असतात. आजींच्या डब्यात सात निघाली.

चार. उत्तर येत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज करा. नकार आला तर तो लेखी आणि कारणासह मागा. २००७ च्या कायद्याने सैन्यदल न्यायाधिकरण स्थापन झालं आहे, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. तिथं जाण्याआधी वकील मैत्रिणीचा सल्ला घ्या.

पाच. उशीर करू नका. पेन्शन न मिळणाऱ्या जवानांची सेवेची कागदपत्रं नियमाप्रमाणे पंचवीस वर्षांनी नष्ट करतात. मागे राहते ती 'लाँग रोल' नावाची नोंदवही, आणि तिच्यात फार थोडं असतं. म्हणून लहान सेवा झालेल्यांच्या घरी आधी जा.

आता थोडं कागदाच्या पलीकडचं.

शौर्यपदकाचा भत्ता सैनिकाच्या मागे त्याच्या विधवेला मिळतो. पण २०१७ सालापर्यंत त्याला एक अट होती. तिने पुन्हा लग्न केलं तर भत्ता बंद. फक्त एका लग्नाला सूट होती : मृत नवऱ्याच्या भावाशी केलेल्या. म्हणजे पदक नवऱ्याच्या शौर्याचं, आणि त्याच्या आधाराने सरकार ठरवणार की विधवेने कुणाच्या घरात राहायचं! १९७२ चा नियम, १९९५ ची दुरुस्ती, त्यातून चालत आलेली ही अट. नोव्हेंबर २०१७ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ती काढून टाकली. आता भत्ता तिला तहहयात मिळतो. पण गावात हे माहीत आहे का? भत्ता जाईल या भीतीने दिराशी लग्नाला मान तुकवणारी किंवा लग्नाचा विचारच सोडून देणारी बाई तुम्हाला भेटली, तर तिला हे सांगा. पदकाची नोंद बरोबर असणं किती महत्त्वाचं, हे तिथं कळतं.

आणि पदक बाईचंच असेल तर? अमेरिकेच्या यादवी युद्धात मेरी वॉकर नावाच्या डॉक्टरबाई होत्या. सुरुवातीला तिला विनावेतन काम करावं लागलं. १८६४ साली ती शत्रूच्या हाती सापडली आणि चार महिने कैदेत राहिली. १८६५ साली तिला 'मेडल ऑफ ऑनर', म्हणजे तिथलं सर्वोच्च पदक मिळालं. १९१७ साली यादीची छाननी झाली आणि ९११ नावं खोडली गेली. त्यात तिचं नाव होतं. ती कंत्राटी डॉक्टर होती, रीतसर सैन्यातली नव्हती, हे कारण. पण रीतसर नेमणूक तिला द्यायला नकार कुणी दिला होता? तिने पदक परत केलं नाही. १९१९ साली मरेपर्यंत ती ते लावून हिंडली. तिच्या नातलगांनी पाठपुरावा केला आणि १९७७ साली सैन्याने नोंद दुरुस्त करून पदक परत दिलं. साठ वर्षं लागली.

हे जुनं आणि परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या सैन्यातल्या स्त्री अधिकाऱ्यांना कायम नेमणूक देताना त्यांच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षानंतरची कामगिरी आणि सन्मान विचारातच घेतले गेले नव्हते. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत स्त्रियांवर अन्याय करणारी ठरवली. सन्मान मिळाला होता, पण मोजला जात नव्हता.

म्हणून, मागच्या रांगेतल्या मैत्रिणीला माझं उत्तर असं. युद्धाचा गौरव करायला आपण जात नाही. ज्या कागदावर बाईचं पेन्शन, तिचं नाव आणि तिने एकटीने काढलेली वर्षं अवलंबून आहेत, तो कागद वाचायला आपण जातो. तो पुरुषाच्या नावाचा आहे म्हणून आपण आजवर उघडला नाही. म्हणूनच त्यातल्या चुका तशाच राहिल्या.

पत्र आलं त्या दिवशी आजींनी ते मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "आता पारावर वाचा." आम्ही गेलो. कार्यक्रम वगैरे काही नव्हता, हार नव्हते. सातआठ माणसं बसली होती. आजी पदर सावरून उभ्या राहिल्या आणि मी पत्र वाचलं. कुणी काही बोललं नाही. परत येताना वाटेत एका बाईने हळूच विचारलं, "ताई, आमच्या ह्यांचं पुस्तक बगताल का?"

पुढच्या आठवड्यात त्या गावात अकरा पुस्तकं आमच्यासमोर आली. पाचांमध्ये बायकोचं नाव चुकलेलं होतं.

तुमच्या गावात किती निघतात, ते पुढच्या शिबिरात सांगा.