छंदालाही नेम हवा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



‘फावल्या वेळाचे छंद’ या विषयावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा प्रथम माझ्या मनात आले की गोम विषयाच्या नावातच आहे. फावला वेळ म्हणजे कोणता? सकाळचे डबे, मुलांची शाळा, कुणाची नोकरी, वडील माणसांचे औषधपाणी, रात्रीचा स्वयंपाक, हे सगळे आटोपून जो उरतो तो. आणि तो उरत नाही, हे इथे बसलेल्या प्रत्येकीला चांगले ठाऊक आहे. म्हणून तर ‘वेळ मिळाला की पुरे करीन’ असे म्हणून ठेवलेले भरतकाम ट्रंकेत तसेच राहते, आणि चिकटवहीसाठी जमवलेली चित्रे व फोटो पाकिटातून बाहेर येत नाहीत. म्हणून मला आज एवढेच सांगायचे आहे की छंदाला फावला वेळ देऊ नका. त्याला वर्षाचा एक नेम लावून द्या.

नेम हा शब्द मी मुद्दाम वापरते. आपल्या आज्या-पणज्या चातुर्मासात नेम धरीत. कुणी लाख वाती वळी, कुणी रोज पोथीचा एक अध्याय वाची. धर्माचा भाग क्षणभर बाजूला ठेवून त्यातला नुसता हिशेब पाहा. लाख वाती हा आकडा ऐकून छाती दडपते. पण वर्षाचे दिवस ३६५. रोज पावणेतीनशे वाती वळल्या की लाख होतात. आकडा ठरलेला, रोजचा वाटा ठरलेला, मुदत ठरलेली, आणि शेवटी उद्यापन! एखादे मोठे काम पार पाडायला आणखी काय लागते? अलीकडे वर्षारंभी उद्दिष्टे लिहून काढण्याची पद्धत निघाली आहे. आपल्याकडच्या बायकांनी ती कागदावर न मांडता पुष्कळ आधीपासून पाळली आहे.

नेमाचा आणखी एक गुण होता, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. नेमाला घरात मान होता. बाई पोथी घेऊन बसली की ‘अगं, जरा चहा टाक’ म्हणायला माणसे कचरत. हातात सुई घेऊन बसलेल्या बाईला मात्र कुणीही उठवते. कारण ती ‘रिकामी’ बसलेली असते! आपणही लगेच उठतो, कारण आपल्यालाही ते काम बिनमहत्त्वाचे वाटत असते. ‘आठवड्यातून चार दिवस, दुपारी अर्धा तास, हा माझा नेम आहे’ असे घरात एकदा सांगून पाहा. पहिले पंधरा दिवस थट्टा होईल. पुढे मुलेच घड्याळ दाखवतील.

आता नेम कसा ठरवावा ते पाहू. पहिली गोष्ट, नवे काहीही विकत घेण्यापूर्वी ट्रंक उघडा. अर्धवट राहिलेली सगळी कामे पलंगावर मांडा आणि त्यांचे तीन भाग करा. जे आजही पुरे करावेसे वाटते ते एका बाजूला. जे दुसरी कुणी आवडीने पुरे करील ते देऊन टाकण्यासाठी दुसऱ्या बाजूला. आणि जे कुणालाच नको, त्याचा दोरा सोडवून घेऊन कापड दुसऱ्या कामी लावा. या तिसऱ्या ढिगाचे वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या ढिगातले एकच काम उचला. तोच यंदाचा नेम.

दुसरी गोष्ट, मोजा. क्रॉस स्टिचमध्ये हे फार सोपे आहे, कारण ते कामच मुळी मोजण्याचे आहे. बाजारात क्रॉस स्टिचसाठी जाळीचे कापड मिळते. त्यातले नेहमीचे म्हणजे इंचाला चौदा घरांचे. समजा, तुम्ही तुळशीवृंदावनाचा नमुना निवडला आणि तो ८० घरे रुंद व १२० घरे उंच आहे. म्हणजे चित्र सुमारे पावणेसहा इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच होणार. एकूण घरे ९,६००. पार्श्वभूमी कोरी सोडली आणि निम्मीच घरे भरायची असली, तर टाके होतात ४,८००. आता घड्याळ समोर ठेवून अर्धा तास भरून पाहा. सावकाश हाताने ४० टाके झाले, तर पुऱ्या चित्राला १२० बैठका लागतील. आठवड्याला चार बैठका धरल्या तर ३० आठवडे.

पाडव्याला सुरुवात केली तर संक्रांतीपर्यंत साधारण ४२ आठवडे मिळतात. ३० कामाला लागले तरी १२ आठवडे हाताशी राहतात. मेमधले पाहुणे, श्रावणातले सणवार, गणपती, दिवाळीचा फराळ, घरातले एखादे आजारपण, हे सगळे त्या बारा आठवड्यांत बसवा. वर्षाचा नेम करताना सणवार जणू नाहीतच असे धरून चाललो, तर तो नेम भाद्रपदात मोडतो, आणि मग ‘आपल्याच्याने काही होत नाही’ असे आपण मनाशी ठरवून टाकतो. आपल्याकडून सगळे होते; चुकलेला असतो तो हिशेब.

दोरा घेताना एवढे लक्षात ठेवा की एका रंगाचा लागेल तेवढा दोरा एकदमच घ्यावा. तोच क्रमांक असला तरी निराळ्या घाण्यात रंगवलेल्या लडीची छटा किंचित वेगळी येऊ शकते, आणि तो फरक चित्र पुरे झाल्यावरच डोळ्यांत भरतो. सहापदरी लडीतले दोन पदर या कापडाला पुरतात.

ही कला परकी आहे असे मात्र कुणी समजू नये. आपण जिला कर्नाटकी कशिदा म्हणतो, त्या कसूतीत चार प्रकारचे टाके आहेत: गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. त्यातला मेंथी म्हणजे क्रॉस स्टिचच. इरकली लुगड्यांवर गोपुरे, रथ, पालख्या, हत्ती आणि तुळशीवृंदावने भरणाऱ्या बायका कापडावर नमुना न छापता, नुसते धागे मोजून काम करीत. गवंतीचे काम तर पुढून आणि मागून सारखेच दिसते. छापील आलेख हाती नसताना त्यांनी हे केले. आपल्याला तर घरे आखून मिळाली आहेत.

तिसरी गोष्ट चिकटवहीची. पूर्वी घरात मोजके फोटो असत. आता प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये हजारो आहेत, आणि तरीही पाहू म्हटले तर हवा तो सापडत नाही. इथे नेम असा करावा: महिन्याला फक्त चार फोटो निवडून छापून घ्यावेत. वर्षाचे ४८ होतात, आणि एक वही भरते. प्रत्येक फोटोखाली दोन ओळी लिहाव्यात. कोण, कुठे, केव्हा, एवढे पुरे.

पण त्याहून निकडीचे काम जुन्या फोटोंचे आहे. पेटीतल्या त्या काळ्या-पांढऱ्या फोटोंत बसलेली माणसे कोण, हे आता घरात एखाद्याच व्यक्तीला माहीत असते. बहुधा सासूबाईंना किंवा आईला. ती गेल्यावर पुढच्या पिढीला ते चेहरे नुसते अनोळखी चेहरे राहतात. म्हणून ज्यांच्या घरी असे वडील माणूस आहे, त्यांनी यंदा दुसरा कुठलाही नेम करू नये. दर रविवारी एक फोटो घेऊन त्यांच्याशेजारी बसावे आणि नावे विचारून घ्यावीत. वर्षात पन्नास फोटो सहज होतील, आणि नावांबरोबर गोष्टीही येतील. नावे फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलकेच लिहावीत. शाई पुढे उमटू शकते. सेलोटेप लावू नये, तो पिवळा पडतो आणि फोटोवर डाग राहतो. पिठाची खळही नको, तिच्यामागे कसर येते. कागदाचे कोपरे लावून फोटो बसवला, तर पुढे कधीही अलगद काढता येतो.

‘हे सगळे आता कुठे? निवृत्तीनंतर पाहू,’ असे पुष्कळ जणी म्हणतात. त्यांना मी दोन बाजू सांगते. एक बाजू अशी की उतारवयातही मोठे काम होते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी नावाची बाई होऊन गेली. दुसऱ्या पतीच्या निधनानंतर, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, तिने रंगीत कागदाचे बारीक तुकडे कातरून, काळ्या कागदावर चिकटवून फुलांची चित्रे करायला सुरुवात केली. खरे फूल समोर ठेवून पाकळी न् पाकळी ती कातरीत असे. अशी हजार चित्रे करण्याचा तिचा मानस होता. डोळे अधू झाल्यामुळे तिला थांबावे लागले, तेव्हा ९८५ झाली होती. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हजाराला पंधरा कमी पडली म्हणून तिला कुणी हिणवत नाही. नेमाचा आकडा आपल्याला चालते ठेवण्यासाठी असतो, अपराधी वाटावे म्हणून नसतो.

पण दुसरी बाजूही त्याच गोष्टीत आहे. तिला थांबवले ते डोळ्यांनी. चाळिशी उलटली की जवळचे दिसणे कमी होऊ लागते. चष्मा आहे, चांगला दिवा आहे, आणि बारीक कापडाऐवजी इंचाला अकरा घरांचे कापडही घेता येते. तरी जे नाजूक काम आज खिडकीपाशी बसून सहज होते, ते वीस वर्षांनी तसेच होईल या भरवशावर राहू नये. मन थांबेल, पण डोळे थांबत नाहीत.

शेवटची गोष्ट उद्यापनाची. काम पुरे झाले की ते धुऊन, इस्त्री करून, चौकटीत घालून भिंतीवर लावा किंवा ज्याच्यासाठी केले त्याला देऊन टाका. तोवर नेम पुरा झाला असे समजू नका. आणि कोपऱ्यात आपले नाव व साल जरूर भरा. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात टाक्यांच्या नमुन्याचे एक कापड आहे. त्यावर जेन बॉस्टॉक हे नाव आणि १५९८ हे साल भरलेले आहे. चारशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ते काम कुणाचे हे आपल्याला कळते, कारण त्या बाईने नाव घातले. आपल्या घरोघरच्या गोधड्या, झबली आणि रुमाल कुणाच्या हातचे, हे मात्र दोन पिढ्यांतच विसरले जाते. नाव घालण्यात गर्व नाही. पुढे नातीने विचारले, तर तिला उत्तर मिळावे, एवढेच.

मंडळाला माझी एक विनंती आहे. आज प्रत्येकीने एका चिठ्ठीवर आपला यंदाचा एकच नेम लिहून तो डब्यात टाकावा. मोठा नको, झेपेल असा. महिन्यातून एक दुपार आपण आपापले काम घेऊन इथे जमू. बोलता बोलता हात चालतील. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जे पुरे झाले असेल ते मांडू. स्पर्धा नको, पहिला-दुसरा क्रमांक नको. कुणाच्या वाट्याला किती वेळ येतो, हे ज्याच्या-त्याच्या घरावर असते. आणि पुढच्या वर्धापनदिनी तो डबा उघडू. ज्यांचे निम्मेच झाले असेल त्यांनीही ते घेऊन यावे. निम्मे झालेले काम निदान ट्रंकेबाहेर तरी आलेले असेल.