आधी माणूस, मग बाटली



 १९३०च्या दशकात इथल्याच, आमच्या नंदुरबारमधल्या तळोदे तालुक्यात गुलाम महाराजांनी आदिवासी बांधवांना दारू सोडायला सांगितलं. लहान-थोर सगळ्यांनी एकमेकांना 'आप' म्हणायचं आणि आरतीला एकत्र जमायचं. १९३८ साली ते गेले, पण त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे नेलं. ज्याची दारू गाळतात ते मोहाचं फूल आमच्या ताटातही आहे आणि देवापुढेही, म्हणून हे सोपं नव्हतं. मला त्यातला 'आप' फार मोठा वाटतो. ज्याला सगळे अरे-तुरे करतात, बेवडा म्हणतात, त्याला आधी मान मिळाला. पुढे १९७०च्या दशकात शहाद्याकडच्या बाया दारूची मडकी फोडायला निघाल्या, तेही घर वाचवण्यासाठीच.

पण नुसत्या मानानं भागत नाही. माझ्या थोरल्या भावानं एका रात्रीत शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे दिसायला लागले. आम्ही म्हटलं, बाहेरचं काहीतरी आहे. झटका आला तेव्हा कुठे जीप शोधली! रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक थांबणं जिवावर बेतू शकतं, त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं लागतात, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. भाऊ वाचला. नंतर दोनदा घसरला, आणि त्यानं शपथ मोडली म्हणून आम्ही त्याला बोल लावले. दम्याचा रोगी पुन्हा धापा टाकू लागला तर आपण त्याला बोलतो का?

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे पेशंटच्या बायकोचंही ऐकून घेतलं जातं. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठकीत तर पिणं सोडलेलाच दुसऱ्याचा हात धरतो; न पिण्याचं ठरवायचं ते फक्त आजच्या दिवसापुरतं. माझा भाऊ अशाच एका बैठकीत टिकला.

धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून उपचारापर्यंतची वाट आजही लांब आहे. ती कशी जवळ आणायची, हे मला तुम्हा डॉक्टर, समुपदेशक आणि दारू सोडून पुन्हा उभे राहिलेल्यांकडून ऐकायचंय.

उद्या सकाळी पाड्यांवरच्या बहिणी बोलणार आहेत. त्या पावरी बोलीत बोलतील, मराठी करून सांगणारे शेजारी बसतील. त्यांना वेळेची घंटा वाजवू नका, एवढीच या यजमानाची विनंती.