गोटुलची शाळा

इथे आखातात, अल हिलालमधल्या या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांची पोरं शाळा सुटली की शिकवणीला पळतात. म्हणून मुद्दाम जिथे शिक्षकच नाही अशा शिक्षणाचा विषय घेतला आहे.

असं शिक्षण गोटुलात, म्हणजे गोंडांच्या गावातल्या मुलामुलींच्या सामूहिक घरात, मिळायचं. गोटुल म्हटलं की मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन आठवतात. बस्तरच्या मुरिया गोंडांवरचं त्यांचं जाडजूड पुस्तक 1947 साली आलं आणि लोकांनी त्यातलं मुलामुलींचं एकत्र राहणं तेवढं चवीने वाचलं. मला त्यातलं सरपण महत्त्वाचं वाटतं. धाकट्या चेलिकाने, म्हणजे गोटुलातल्या मुलाने, रोज लाकूड आणायचं. मोटियारींनी, म्हणजे मुलींनी, झाडलोट करायची. लाकूड चुकलं की दंड. तो ठोठावणारा गावचा म्हातारा नव्हे, थोडा मोठा पोरगाच. काही वर्षांपूर्वी तोही सरपणच वाहत होता! आईबापांनी आत लुडबुड करायची नाही.

ईशान्येकडच्या नागांच्या मोरुंगची, म्हणजे मुलग्यांच्या सामूहिक घराची, घडणही अशीच. आओ नागांच्या मोरुंगमध्ये, म्हणजे ‘अरिजू’त, मुलगे वयाच्या तुकड्यांनी दाखल होत. धाकट्यांनी पाणी-लाकडं आणायची, थोरल्यांची सेवा करायची आणि त्यांच्याकडूनच गाणी, कुळकथा, गावाचा पहारा शिकायचा. 1872 पासून आओंमध्ये बाप्टिस्ट मिशनरी येऊ लागले. बाटलेल्या पोरांना मोरुंग वर्ज्य झाला, शाळा उघडल्या. शाळेने अक्षर दिलं, हे उपकार नाकारू नयेत. पण धाकट्याला घडवण्याची थोरल्यावरची जबाबदारी तिने काढून घेतली आणि एकट्या मास्तरच्या गळ्यात घातली.

फार लांब कशाला, इथल्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, बघा. पोरगा डाव्या हातात दल्ला, म्हणजे कॉफीची किटली, धरतो, उजव्या हाताने फिंजान, म्हणजे छोटा पेला, पुढे करतो. पाहुण्याने रिकामा फिंजान हलवला की ओतणं थांबवतो. हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवलं?

आता आपल्या गडचिरोलीत येऊ. धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाने ऐंशीच्या दशकात जंगलातलं सागवान आणून गोटुल बांधलं. वनखात्याने ते मोडलं. गावाने पुन्हा उभारलं, आसपासची गावंही मागे उभी राहिली. एकमताशिवाय निर्णय नाही, ही मेंढ्याच्या ग्रामसभेची रीत. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर तिला सामूहिक हक्क मिळाला. असं तासन्‌तास बसून, कोणालाही न हरवता बोलायची सवय भाषणांनी लागत नाही. ती लहानपणापासून बैठकीत बसून लागते, असं माझं मत आहे.

त्याच तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने 2019 साली गोंडी माध्यमाची शाळा काढली आणि तिच्या नावातच ‘गोटुल’ घातलं. मान्यता नाही म्हणून शिक्षण खात्याने ती बेकायदा ठरवली. राज्यघटनेचा 350क अनुच्छेद मात्र भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायचा प्रयत्न करा, असं राज्यालाच बजावतो! अशा शाळेच्या तपासणीला जाणाऱ्याने खोल्या मोजण्याआधी एक अख्खा दिवस तिथे बसावं आणि मोठी मुलं धाकट्यांना काय शिकवतात, तेही अहवालात लिहावं.